स्कीमा थेरपी: यादीपासून सुरुवात करू नका

स्कीमा थेरपी या मानसोपचाराकडे येणारी आपल्याकडची बरीच माणसं उलट्या टोकाकडून शिरतात. मोबाईलवर कुठेतरी अठरा 'स्कीमां'च्या, म्हणजे मनात घट्ट बसलेल्या साच्यांच्या, नावांची यादी सापडते. रात्री अकरा वाजता ती वाचायची, त्यातली तेरा नावं 'अगदी माझीच' वाटायची, आणि चतुर्थीला सगळे जमले की आईला ऐकवायचं, "तुझ्यामुळे माझं असं झालं." मग आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोलत नाही आणि निष्कर्ष निघतो की थेरपीबिरपी सगळं झूट. दुसरी तऱ्हा म्हणजे तीनदा जाऊन यायचं, "नुसतं बोलणंच की हो, औषध काय दिलं नाही" म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. बेळगावच्या शहापुरातल्या यंत्रमागवाल्याची थोरली मुलगी, वय ४४, एका पतसंस्थेत हिशेब बघते. कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही, या एका खोडीपायी पाठ, झोप आणि थोडाफार संसारही बिघडला, तेव्हा ही थेरपी घेतली. दोन वर्षं लागली. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून क्रमावर एवढा जोर देते.

कामापुरतं सांगायचं तर, लहानपणी प्रत्येकाच्या काही गरजा असतात: कुणाचा तरी भक्कम आधार, आपलं आपण करू देणं, मनातलं बोलायची मुभा, खेळणं आणि योग्य ठिकाणी अडवणारं कुणीतरी. यातली एखादी वर्षानुवर्षं पुरी झाली नाही की मन एक साचा धरतं: 'मी असाच', 'लोक असेच', 'जग असंच'. हा साचा म्हणजे स्कीमा. पुढे चाळिशीतही माणूस नव्या प्रसंगावर जुनाच साचा ठेवून कापत बसतो. विचारांवर काम करणारी नेहमीची थेरपी बऱ्याचदा 'हा विचार खरा आहे का?' एवढं तपासते. साचा धरलेल्या माणसाला विचार खोटा आहे हे कळलेलंच असतं, तरी पोटात गोळा येतोच. म्हणून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी विचार, भावना, जुन्या आठवणी आणि रोजचं वागणं या चौघांना एकत्र हात घालणारी ही पद्धत बांधली.

सुरू करण्याआधी: थांबायचं कुणी?

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, दारू रोजची असेल, कानात आवाज येत असतील किंवा घरात आत्ता मारहाण चालू असेल, तर वही-पेन घेऊन स्कीमा शोधत बसू नका. आधी ते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि भाषा निवडता येते. मारहाणीसाठी ११२, बायकांसाठी १८१. मार खाणाऱ्या बाईला 'तुझा स्कीमा बदल' म्हणणं हा गाढवपणा आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी.

चालू असलेल्या गोळ्या थेरपी सुरू झाली म्हणून बंद करायच्या नाहीत. तो निर्णय गोळ्या लिहून देणाऱ्याचा.

टप्पा १: माणूस शोधा, आणि भाषा आधी विचारा

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारांचा डॉक्टर, औषध तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि तो नंबर विचारण्यात काही गैर नाही. 'काउन्सेलर' या पाटीमागे कोण बसलंय ते मात्र तपासूनच घ्यावं. बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मनोविकार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. पहिली तपासणी, औषधांची गरज आहे की नाही, हे तिथे पाहून घेता येतं. थेरपीसाठी मात्र वेगळं शोधावं लागू शकतं. आता ऑनलाइन सोय असल्यामुळे खानापूर-निपाणीच्या माणसालाही पुण्या-बेंगळुरूचा थेरपिस्ट मिळतो.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न: स्कीमा थेरपीचं प्रशिक्षण घेतलंय का, कुणाच्या देखरेखीखाली काम करता का, फी किती, सत्र चुकलं तर काय. आणि आपल्या भागातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: मी मध्येच मराठीत बोलले तर चालेल का?

भाषेचा हा मुद्दा मी मुद्दाम ताणते आहे. आपली गंमत अशी की घरात मराठी, ऑफिसात कन्नड, मोबाईलवर इंग्रजी. मी पहिले दोन महिने माझ्या थेरपिस्ट मॅडमशी इंग्रजी-कन्नड मिसळून बोलले. सगळं सुरळीत चाललं होतं, फारच सुरळीत. वडिलांबद्दल बोलताना 'ही वॉज स्ट्रिक्ट' म्हणून पुढे जायचे आणि डोळ्याला पाणी नाही. मॅडम मूळच्या धारवाडच्या, मराठी समजायचं पण बोलायला तुटक. एक दिवस म्हणाल्या, "तुमचे वडील तुम्हाला नेमकं काय म्हणायचे, ते त्यांच्याच शब्दांत सांगा." मी तोंड उघडलं, "तू मोठी न्हवं गं? मग कर की." एवढं एक वाक्य, आणि पुढची वीस मिनिटं मला बोलता आलं नाही. थेरपिस्टला अस्खलित मराठी येत नसेल तरी चालेल. आठवण मात्र ज्या भाषेत घडली त्याच भाषेत सांगायची.

*ताडून पाहा:* बसायची जागा ठरली का? लहान गावात दवाखान्याच्या बाकावर गल्लीतलं कुणीतरी भेटतंच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो डॉक्टर-थेरपिस्टला बांधतो, बाकावरच्या काकूंना नाही. ऑनलाइन सत्र असेल तर दार लावता येणारी खोली, इअरफोन आणि 'एक तास आत यायचं नाही' हे घरच्यांना आधीच सांगणं. मी सहा महिने उद्यमबागेच्या एका मोकळ्या रस्त्याकडेला गाडी लावून सत्रं केली. खोलीपेक्षा बरं पडायचं.

*इशारा:* तीन सत्रांत निकाल मागू नका. २००६ साली नेदरलँड्समधला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वविकारावरचा (यात भावना आणि नाती फार अस्थिर असतात) मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्याला दोन सत्रं आणि तीही तीन वर्षं अशी मात्रा होती. पुढे इतर व्यक्तिमत्त्वविकारांवर झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात ५० सत्रं होती. आपला त्रास तेवढा खोल नसेल तर कमी लागतील, पण हिशेब महिन्यांचाच धरायचा. पैशांची सोय त्या अंदाजाने करा, नाहीतर नेमकं आठवण वर आली की सत्रं बंद पडतात.

टप्पा २: दोन आठवडे फक्त नोंद

या काळात स्कीमाचं नाव घ्यायचं नाही. बालपणही उकरायचं नाही. एक साधी वही, आणि रोज फक्त असा एक प्रसंग, ज्यात प्रसंग होता पावशेर आणि दुःख झालं पायलीभर. हे प्रमाण बिघडलेलं असणं हीच स्कीमा चाळवल्याची खूण. शेजाऱ्याने गाडी आडवी लावली म्हणून राग आला, यात काही विशेष नाही. त्या रागाने रात्रभर झोप आली नाही, तर लिहा.

पाच रकाने आखा: काय घडलं, अंगात कुठे काय झालं, मनात कुठलं वाक्य आलं, मी काय केलं, आणि त्या क्षणी मी किती वर्षांची वाटले. शेवटच्या रकान्याला लोक हसतात आणि तोच गाळतात. गाळू नका.

माझी एक नोंद जशीच्या तशी देते. *काय घडलं:* वहिनीचा फोन, "वन्सं, बारशाचं जेवण तुमच्याकडंच ठेवूया काय? तीस-चाळीस माणसं होतील." *अंगात:* मानेमागे दोरी आवळल्यासारखं. *मनातलं वाक्य:* मी नाही म्हटलं तर कोण करणार. *केलं काय:* तिचं वाक्य संपायच्या आधी 'हो' म्हटलं. मग नवऱ्यावर चिडले, भाजीत मीठ जास्त पडलं. *वय:* आठ.

त्या 'आठ'चा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. लागायची गरजही नव्हती.

*इशारा:* वही कुलपात. सासू, नवरा किंवा मुलगी वाचेल या धास्तीने लिहिलेली वही खोटी होते. कुलूप नसेल तर मोबाईलवर पासवर्ड घालून लिहा.

*ताडून पाहा:* दोन आठवड्यांनी निदान आठ-दहा नोंदी झाल्या का, आणि 'मनातलं वाक्य' या रकान्यात तेच ते वाक्य फिरून येतंय का? नसेल तर आणखी एक आठवडा लिहा.

टप्पा ३: आता नाव, तेही दोन-तीनच

एकूण १८ स्कीमा, पाच गटांत. पहिला गट आपलेपणा तुटण्याचा: माणसं सोडून जातील, फसवतील, माया मिळणारच नाही, माझ्यातच काहीतरी खोट आहे, मी यांच्यातला नव्हेच. दुसरा आपल्या पायांवर उभं न राहता येण्याचा: एकट्याने जमणार नाही, काहीतरी संकट कोसळणार, आईपासून वेगळं माझं काही नाही, मी नापासच. तिसरा मर्यादा न शिकल्याचा: मला वेगळे नियम, आणि कंटाळा आला की सोडून द्यायचं. चौथा दुसऱ्यांना पुढे ठेवण्याचा: दबून राहणं, स्वतःला झिजवणं, शाबासकीवर जगणं. पाचवा सतत सावध राहण्याचा: वाईटच होणार, भावना दाखवायची नाही, मापदंड कडक, चूक केली की शिक्षा हवीच.

थेरपिस्ट बहुधा एक प्रश्नावली भरून घेतात. तिच्या एका आवृत्तीत ९० विधानं आहेत. ती एका बैठकीत, चहा-पाणी आटोपून, घाई न करता भरा. इंग्रजी विधान नीट कळलं नाही तर अंदाजे आकडा टाकू नका, विचारा. आणि आलेला आकडा म्हणजे रोगाचं निदान नव्हे. तो फक्त 'इथे खणून बघा' सांगतो.

इथे तीन ठिकाणी लोक हमखास घसरतात.

पहिलं म्हणजे सगळी नावं स्वतःला लावणं. वहीतल्या वाक्यांशी जुळतील तेवढीच ठेवा. माझ्या वहीत दोनच होती: स्वतःला झिजवणं आणि माया मिळणारच नाही.

दुसरं, रीतीभातीलाच आजार ठरवणं. वडीलधाऱ्यांचं ऐकणं, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणं, भावाच्या अडचणीला धावणं, यात आपण वाढलो. हे स्कीमा नव्हेत. मी एक कसोटी लावते. 'नाही' हा शब्द तोंडात तयार असताना 'हो' म्हटलं, तर ती माया. 'नाही' हा शब्दच सापडत नसेल आणि नंतर पंधरा दिवस मनात धुसफुस चालत असेल, तर वहीत लिहा.

तिसरं आपल्या सीमाभागाचं खास. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला पोरगा कॉलेजात जातो, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड, तो मागच्या बाकावर गप्प बसतो. 'मी यांच्यातला नव्हेच' हा स्कीमा अशा जागी छान पोसतो. पण कचेरीतला अर्ज कळला नाही आणि खिडकीमागचा माणूस खेकसला, हे खरं घडलेलं आहे, त्याला स्कीमा म्हणून गिळू नका. तिथे अर्ज समजावून देणारा माणूस शोधायचा. तो खेकसला आणि त्यानंतर तीन दिवस चौथीतले गुरुजी डोळ्यांपुढे येत राहिले, तर मात्र ती नोंद थेरपिस्टपुढे ठेवायची. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

*इशारा:* नवऱ्याला, जावेला, साहेबाला स्कीमाची नावं वाटत फिरू नका. "तुझा हक्कदारपणाचा स्कीमा बोलतोय" या वाक्याने आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं होतं, म्हणून माहीत.

टप्पा ४: आपण साच्याशी कसं वागतो ते ओळखा

स्कीमा एकच, पण त्याला तोंड देण्याच्या रीती तीन: शरण जाणं, टाळणं, उलटं करणं. एकाच घरातले तीन भाऊ घ्या, तिघांच्याही मनात 'माझ्यात खोट आहे'. एक भाऊ टाकून बोलणारी बायको आणि पाणउतारा करणारा साहेब निमूट सोसतो. दुसरा लग्नकार्याला जात नाही, गेला तर बाहेर बुलेटजवळ उभा राहतो, रात्री बाटली. तिसरा पांढरे कपडे घालून सगळ्यांची अक्कल काढत फिरतो. बाहेरून बघणाऱ्याला तीन वेगळे स्वभाव दिसतात. म्हणूनच 'स्वभावाला औषध नाही' म्हणून आपण मोकळे होतो.

यापुढची पायरी म्हणजे मोड, म्हणजे त्या त्या क्षणी कोण गाडी चालवतंय. दुखावलेलं मूल, चिडलेलं मूल, शिक्षा करणारा किंवा सतत मागणारा पालक, सगळं सुन्न करून टाकणारा रक्षक, आणि शहाणं मोठं माणूस. नावं पाठ करायची गरज नाही. मला उपयोगी पडली ती एक साधी युक्ती: मनातला आवाज कुठल्या भाषेत बोलतोय ते ऐका. माझा मागणारा पालक शुद्ध शहापुरी बोलतो. माझा सुन्न रक्षक इंग्रजीत बोलतो, "आय ॲम फाइन." हे तीन शब्द मनात उमटले की समजायचं, आत काहीतरी दुखतंय आणि दार लावून घेतलंय.

*इशारा:* त्या सुन्न रक्षकाला धक्के मारून हाकलू नका. लहानपणी त्यानेच तुम्हाला तारलंय. थेरपिस्ट त्याच्याशी आधी बोलतात, कधी कधी त्याच्यासाठी वेगळी खुर्ची मांडून. रिकाम्या खुर्चीशी बोलायला पहिल्यांदा फार ओशाळं वाटतं. ओशाळं वाटू द्या आणि बोला.

टप्पा ५: जुन्या आठवणीत शिरणं, आणि तेही एकट्याने नाही

हा भाग घरी करायचा नाही. पुन्हा सांगते, घरी नाही, रात्री तर नाहीच. पण थेरपिस्टकडे काय होतं हे आधी माहीत असलं की भीती कमी होते, म्हणून क्रम देते.

आधी मनात एक निर्धास्त जागा तयार करतात. माझी राकसकोपच्या पाण्याकाठची, पावसाळा सरल्यावरची. मग डोळे मिटून वहीतला अलीकडचा प्रसंग, माझ्या बाबतीत वहिनीचा फोन. मानेमागची ती दोरी जाणवू द्यायची. मग थेरपिस्ट म्हणतात, प्रसंग सोडा, ही भावना तेवढी धरून ठेवा आणि मागे जा, असंच कधी वाटलं होतं? जे चित्र येईल ते वर्तमानकाळात सांगायचं. 'बसले होते' नाही, 'बसलेय'.

मी मागाच्या खोलीत बसलेय. आठ वर्षांची. समोर कांड्यांचा ढीग, मांडीवर धाकटा भाऊ, त्याला ताप. दोन माग चालू आहेत, त्या आवाजात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. बाहेर मैत्रिणी हाका मारतायत ते फक्त त्यांच्या तोंडांवरून कळतं. आप्पा मागावरून न उठता ओरडतात, "तू मोठी न्हवं गं?"

इथे मोठं माणूस त्या चित्रात शिरतं. सुरुवातीला थेरपिस्ट स्वतः, पुढे पुढे आपण. मॅडमनी विचारलं, "मी आत येऊ का? आधी काय करू?" मी काहीतरी मोठं सांगेन असं मलाच वाटलं होतं. तोंडून निघालं, "माग बंद करा." त्यांनी बटण दाबलं. आवाज थांबला. मग त्यांनी भावाला उचलून घेतलं आणि आप्पांना सांगितलं की ही आठ वर्षांची आहे, बाळाची आई नव्हे. मला म्हणाल्या, जा खेळायला.

आप्पांचं दारिद्र्य, आईचं दुखणं, काही बदललं नाही. घडलेलं घडलंच. बदललं ते एवढंच, की त्या खोलीत आता माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी होतं. या रीतीला इमेजरी रिस्क्रिप्टिंग म्हणतात, म्हणजे आठवणीला नवा शेवट देणं. थेरपिस्ट ठरलेल्या हद्दीत राहून जे आईबापाचं काम करतात, त्याला मर्यादित पालकत्व. यातला 'मर्यादित' हा शब्द विसरू नका. मॅडम माझी आई नव्हेत, रात्री बाराला फोन उचलणार नाहीत.

नेहमीच्या चुका:

– सगळ्यांत भयंकर आठवण पहिल्यांदा काढणं. मध्यम दुखरी घ्या. अत्याचाराच्या आठवणींचा क्रम थेरपिस्टला ठरवू द्या.

– त्या लहान मुलाकडूनच बापाला जाब विचारायला लावणं. मूल घाबरलेलं असतं, त्याच्या वतीने मोठ्याने बोलायचं.

– 'आईबापांचं तरी काय चुकलं, गरिबीच होती' म्हणून मध्येच वकिली करणं. ती सहानुभूती खरी आहे, पण या दहा मिनिटांत तिला बाहेर बसवा.

– सत्र संपल्या संपल्या स्कूटर काढणं. मी एकदा तशीच धारवाडहून निघाले आणि कित्तूर गेल्यावर लक्षात आलं की मधला रस्ता आठवतच नाही. अर्धा तास बसा, पाणी प्या, कुणाला तरी सोबत घ्या किंवा सरळ बस पकडा.

*ताडून पाहा:* डोळे उघडल्यावर खोलीतल्या पाच वस्तूंची नावं, आजची तारीख, पायाखालची फरशी, हे काही मिनिटांत जागेवर येतं का? येत नसेल, किंवा पुढचे दोन-तीन दिवस सगळं धूसर वाटत असेल, तर पुढच्या सत्राआधी कळवा. वेग कमी करतात, त्यात कमीपणा नाही.

टप्पा ६: खिशातली चिठ्ठी

ऐन वेळेला शहाणपण सुचत नाही, म्हणून आधी लिहून ठेवायचं. याला फ्लॅशकार्ड म्हणतात. चार भाग असतात: आत्ता काय वाटतंय, ते कुठल्या जुन्या जागेवरून येतंय, आजची खरी परिस्थिती काय, आणि म्हणून मी आता काय करणार. थेरपिस्टबरोबर बसून लिहा, आणि आपल्या बोलीत लिहा. पुस्तकी मराठीतली माझी पहिली चिठ्ठी माझ्यावर काडीचाही परिणाम करत नव्हती. दुसरी अशी:

"मानेत दोरी आवळाय लागली. ही दोरी मागाच्या खोलीतली. आत्ता कुणाला ताप न्हाई, कुणी उपाशी न्हाई. वहिनीला तिचा भाऊ हाय, केटरर हाय, फोन हाय. 'उद्या सांगते' म्हण आणि फोन ठेव."

मोबाईलच्या कव्हरमागे अजून आहे, कडा मऊ पडल्या आहेत.

टप्पा ७: वागणं बदला, इथेच सगळे गळतात

रडू येऊन गेलं, मोकळं वाटलं, साचा कळला, आणि माणूस समजतो झालं. झालेलं काही नसतं. वहिनीचा फोन पुन्हा येतो आणि तोंडातून 'हो' निघतो. माझं पहिलं वर्ष सहा टप्प्यांत गेलं आणि दुसरं सबंध वर्ष या एकाच टप्प्यात.

शिडी बनवा, सोप्यापासून अवघडापर्यंत. माझ्या शिडीचं पहिलं पाऊल इतकं लहान होतं की सांगायला लाज वाटते: गणपत गल्लीत भाजीवाल्या मावशींनी न मागितलेली कोथिंबीर पिशवीत टाकली, "दहाचीच हाय बाई, घ्या," तर ती परत द्यायची. तीन आठवडे जमलं नाही. चौथ्या आठवड्यात दिली. मावशींनी शांतपणे टोपलीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. मी मात्र घरी येईपर्यंत घामाघूम. दुसरी पायरी, ऑफिसातल्या सहकाऱ्याचं व्हाउचरचं काम 'आज जमणार नाही' म्हणून परत करणं. तिसरी, नवऱ्याला स्वतःहून काहीतरी मागणं. झिजणाऱ्या माणसाला नकार देण्याइतकंच मागणंही जड जातं, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. वहिनी सहाव्या पायरीवर. आप्पा सगळ्यांत वर.

प्रत्येक पायरीचा क्रम तोच. काय बोलायचं ते वाक्य लिहा. सत्रात थेरपिस्टला समोरचा माणूस करून ते मोठ्याने म्हणा. दिवस ठरवा. करा. मग वहीत दोन गोष्टी लिहा: मला काय होईल असं वाटलं होतं, आणि खरंच काय झालं. जमलं नाही तर पायरी मोडून दोन करा. स्वतःला शिव्या घालू नका, तो आवाज त्या शिक्षा करणाऱ्या पालकाचा आहे.

*इशारा:* घरचे खूश होतील अशी आशा धरू नका. तुमच्या साच्याची त्यांना सवय आणि सोय दोन्ही झालेली असते. "बदललीस गं तू" हे कौतुक म्हणून कुणी म्हणत नाही. पहिले एक-दोन महिने ओढाताण वाढते आणि नेमक्या याच वेळी लोक थेरपी सोडतात. समोरून हिंसेची भीती असेल, तर मात्र ती पायरी थेरपिस्टला विचारल्याशिवाय चढू नका.

आणि आईबापांना जाब विचारायचा का? माझं मत स्पष्ट आहे: या कामासाठी त्याची गरज नाही. जाब त्या आठवणीतल्या आप्पांना विचारून झालाय. आजचे आप्पा ७६ वर्षांचे, मागाच्या आवाजाने कान गेलेले. मी त्यांच्याशी एकच गोष्ट वेगळी केली. दर रविवारी सकाळी जाऊन आठवड्याचं सगळं आवरून यायचे, ते दोन रविवारांआड केलं, आणि उरलेले रविवार भावाला घ्यायला लावले. भाऊ महिनाभर बोलला नाही. आप्पांनी विचारलं, "रविवारी का गं आली न्हाईस?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "दमले होते." ते म्हणाले, "मग झोपायचं."

टप्पा ८: सत्रं कमी कधी करायची

ठणठणीत वाटलं म्हणून नव्हे, वही बघून. एक, प्रसंग आणि दुःख यांचं प्रमाण जुळायला लागलं का? दोन, चाळवलं तरी सावरायला लागणारा वेळ कमी झाला का, आठवड्यावरून दिवसावर, दिवसावरून तासावर? तीन, वयाचा रकाना. माझ्याकडे तो आठवरून चौदावर आला, बराच काळ तिथेच अडकला, मग एकदम तिशीत गेला. हे सगळं थेरपिस्टला दाखवून आठवड्याचं सत्र पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या. एकदम बंद करू नका. 'सोडून जातील' हा स्कीमा असणाऱ्यांनी तर निरोपाची सत्रं मुळीच चुकवू नयेत.

साचा पूर्ण जात नाही. मोठे सण, लग्नघर, बाळंतपण, कुणाचं आजारपण, वाटणीची बोलणी या काळात तो हमखास डोकं काढतो. म्हणून मी दरवर्षी चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी वही काढते, चिठ्ठी पुन्हा वाचते आणि एक सत्र ठरवून ठेवते. मागच्या वर्षी मोदक कोण करणार हे त्या पंधरा दिवसांतच ठरलं. एकवीस माझ्याकडे, बाकीचे विकतचे.